मोडलेला डाव मांडणारे



आजच्या व्याख्यानाचा विषय फलकावर वाचून आमच्या एका स्नेह्यांनी आम्हांला परवा रस्त्यातच गाठले. म्हणाले, "काय हो, या व्यासपीठावर काल शहराच्या पाण्यावर व्याख्यान झाले, उद्या ज्ञानेश्वरीवर व्हायचे आहे, आणि मध्येच तुम्ही पोरांचे संगणकावरचे खेळ घेऊन उभे राहणार?" प्रश्न रास्त होता. खेळ म्हणजे रिकामपणाचा उद्योग, ही समजूत आपल्यात खोल रुजलेली आहे. परंतु एका डावापायी आपल्याकडे महाभारत घडले हे आपण विसरतो. आपला मोक्षपट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलायतेस गेला, तिथे त्याची सापशिडी झाली, पुढे त्यातले पाप-पुण्य गळाले, आणि नुसते साप व शिड्या तेवढ्या उरल्या, हेही आपण विसरतो. जुना डाव नव्याने मांडताना काय राखावे आणि काय सोडावे, हा प्रश्न मोठ्या माणसांच्या विचाराचा आहे. तोच आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

या विषयाकडे आम्ही वळलो ते खेळामुळे नव्हे. सन १९९४ च्या सुमारास आम्ही आमच्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. आजी सांगे, आम्ही वहीत लिहीत असू; मग त्या एका परिचितांच्या संगणकावर टंकित करून एका फ्लॉपीत साठवल्या. वही पुढे माळ्यावरच्या गळतीत भिजून गेली. आजीही गेली. फ्लॉपी मात्र आम्ही कपाटात, शालीच्या घडीत, जपून ठेवली होती. वीस-बावीस वर्षांनी ती वाचणारे यंत्र खटपटीने मिळवले आणि उघडून पाहतो तो काय? पडद्यावर रोमन अक्षरे, टिंबे, उद्गारचिन्हे यांची खिचडी! फ्लॉपी बव्हंशी शाबूत होती. आत लिहिलेलेही शाबूत होते. परंतु ज्या आज्ञावलीने ते लिहिले, ती आज कोणत्याच यंत्रावर चालत नव्हती. पेटी होती, दागिने होते, किल्ली घडवणारा लोहार मात्र मेलेला होता.

आमच्या आळीतला एक तरुण आमच्या मदतीला आला. दिवसा तो कचेरीत नोकरी करतो. त्याने विचारले, "काका, त्या काळात याच आज्ञावलीने छापलेला एखादा कागद आहे का तुमच्याकडे?" सुदैवाने एका हळदीकुंकवाची पत्रिका सापडली, तिच्यावर त्यांतल्याच दोन ओव्या होत्या. छापलेला 'क' आणि पडद्यावरचे कोणते चिन्ह, छापलेली वेलांटी आणि कोणता आकडा, असे एकेक अक्षर जुळवीत त्याने तक्ता केला. पत्रिकेत जी अक्षरे नव्हती, ती आम्ही आठवणीतल्या ओव्यांवरून सांगितली. बारा-तेरा रात्री गेल्या. फ्लॉपीचा जो थोडा भाग खराब झाला होता तेवढा सोडून बाकी साऱ्या ओव्या परत आल्या. आम्ही त्याचे आभार मानू लागलो तेव्हा तो संकोचून म्हणाला, "काका, हे मी एरवीही रात्री करीतच असतो. फक्त ओव्यांऐवजी जुन्या खेळांवर करतो." त्याच मुलाला आम्ही पूर्वी दोनदा, "खेळण्यात वेळ घालवू नकोस," असे सुनावले होते. तेव्हा आजचे व्याख्यान हे एका परीने प्रायश्चित्तच आहे असे समजावे.

आता हा उद्योग नेमका काय असतो ते पाहू. संगणकाचा खेळ म्हणजे यंत्राला दिलेल्या हजारो आज्ञांची माळ. कर्ता ती माणसाला वाचता येईल अशा रूपात लिहितो. तिला आपण मूळ संहिता म्हणू. विकताना मात्र यंत्राला कळणाऱ्या आकड्यांच्या रूपातच ती बाहेर जाते. म्हणजे गिऱ्हाइकाला लाडू मिळतो, कृती मिळत नाही. कृतीचा कागद हलवायाच्या खणात राहतो. आणि हा लाडू एका ठरावीक यंत्रावरच खाता येतो. यंत्राचे उत्पादन थांबले, घरोघरची यंत्रे बिघडली, की खेळ मुका होतो. ग्रंथाचे तसे नसते. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक वाचण्यासाठी डोळे आणि उजेड पुरतो.

या हानीचे मान किती? अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या संस्थेने २०२३ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. त्या देशात २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी शेकडा ८७ खेळ बाजारात रीतसर विकत मिळत नाहीत, असा तिचा निष्कर्ष आहे. उरले शेकडा तेरा. एखाद्या भाषेतील जुन्या ग्रंथांची अशी स्थिती झाली असती, तर आपण सभा भरवून ठराव केले असते.

ही हानी भरून काढणारे लोक तीन वाटांनी जातात. पहिली वाट म्हणजे जुने यंत्रच नव्या यंत्राच्या पोटात आज्ञावलीने उभे करणे. इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी १९९७ साली 'मेम' नावाचा असा प्रकल्प आरंभला. खेळघरांतील नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रांचे सोंग तो हुबेहूब वठवतो. दुसरी वाट म्हणजे खेळ बाहेरून निरखणे, मोजणे, आणि तसाच खेळ आपल्या हाताने नव्याने लिहिणे. तिसरी सर्वांत कष्टाची. तीत विकलेल्या खेळातील आकड्यांची माळ उसवून, एकेक आज्ञा वाचून, कर्त्याच्या मनात काय होते ते पुन्हा माणसाच्या भाषेत मांडावयाचे असते. आमच्या तरुणाने ओव्यांबाबत जे केले, ते या वाटेचे धाकटे भावंड होय.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे काम हाती घेतले व १९६६ साली ते पुरे केले. नाना प्रांतांतील, नाना लिप्यांतील पोथ्या समोर ठेवून, कोणता पाठ जुना, कोणता मागून घुसलेला, हे पंडितांनी ठरवले. त्या कामाची पहिली शिस्त अशी की, आपल्याला अधिक सुंदर वाटतो म्हणून कोणताही पाठ आत घालावयाचा नाही. जुना खेळ पुन्हा घडवणाऱ्यालाही हीच शिस्त पाळावी लागते, आणि तिथेच त्याची खरी परीक्षा असते. दोन उदाहरणे घेऊ.

१९७८ साली जपानमध्ये तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' हा खेळ केला. आकाशातून पाच रांगांत पंचावन्न परग्रहवासी सरकत सरकत खाली येतात आणि खेळणारा त्यांना टिपतो. जसजसे शत्रू कमी होतात तसतसे उरलेले वेगाने धावू लागतात. अखेरचा एकटा तर पळतच सुटतो, आणि खेळणाऱ्याच्या छातीत धडधड होते. आता हा वेग आला कोठून? त्या काळचे यंत्र मंद होते. सेकंदाच्या साठाव्या भागात ते एकच शत्रू हलवू शके. पंचावन्न शत्रूंची एक फेरी व्हायला जवळजवळ सेकंद लागे. शत्रू घटले की फेरी लवकर पुरी होई. यंत्राच्या दुर्बलतेतून हा रस जन्माला आला! आजच्या वेगवान यंत्रावर कोणी भोळेपणाने तोच खेळ लिहिला, तर पंचावन्नही एकाच वेगाने चालतील आणि एकही त्याच वेगाने चालेल. चित्र तेच, नियम तेच, पण प्राण गेलेला. म्हणून पुनर्रचनाकाराला नव्या यंत्राला मुद्दाम जुनी मंदगती शिकवावी लागते.

दुसरे उदाहरण १९८० च्या 'पॅकमॅन'चे. तोरू इवातानी हे त्याचे कर्ते. चार भुते पॅकमॅनचा पाठलाग करतात आणि प्रत्येकाचा स्वभाव वेगळा असतो. तांबडे भूत सरळ अंगावर येते. गुलाबी भूत पॅकमॅनच्या पुढे चार घरांवर नेम धरते. मात्र पॅकमॅन वरच्या दिशेला चालला असेल तर हिशेबातील एका चुकीमुळे तो नेम चार घरे वर आणि चार घरे डावीकडे जातो. मुरलेले खेळाडू या चुकीवर भिस्त ठेवून खेळतात. आणखी एक चूक शेवटाची. फेऱ्यांचा आकडा ठेवण्यास यंत्रात आठच बिटांची जागा होती. तीत ० ते २५५ एवढेच आकडे मावतात. त्यामुळे दोनशे छप्पन्नाव्या फेरीला अर्धा पडदा चिन्हांच्या गोंधळाने भरून जातो आणि खेळ तिथेच संपतो. आता पुनर्रचना करणाऱ्याने ही चूक सुधारावी काय? आमचे मत असे की मूळ खेळ म्हणून जो मांडावयाचा, त्यात ती ठेवावी. सुधारावयाची असेल तर निराळी आवृत्ती काढून तसे स्पष्ट सांगावे. पोथीतला अपपाठही इतिहास सांगत असतो.

या क्षेत्रातील थोर उदाहरण म्हणून आम्ही स्वीडनच्या लुडविग स्ट्रिगेउस यांचे नाव घेऊ. स्कॉटलंडच्या क्रिस सॉयर यांनी १९९४ साली 'ट्रान्सपोर्ट टायकून' नावाचा खेळ काढला. त्यात रेल्वे बांधावयाची, रस्ते करावयाचे, कोळसा खाणीतून वीजकेंद्रावर न्यावयाचा, गावे वाढवावयाची. विशेष हे की सॉयर यांनी तो यंत्राच्या अगदी निकटच्या, असेंब्ली नावाच्या भाषेत लिहिला. म्हणजे एखाद्याने वीट न वापरता वाळूचा एकेक कण रचून वाडा बांधावा तसे. त्यामुळे खेळ चपळ झाला, परंतु त्या एका जातीच्या यंत्राला जखडलाही गेला. स्ट्रिगेउस यांनी त्याच्या पुढच्या आवृत्तीची वीण उसवली, सारा व्यवहार सर्वत्र चालणाऱ्या 'सी' भाषेत पुन्हा लिहिला आणि २००४ साली 'ओपनटीटीडी' या नावाने तो सर्वांसाठी खुला केला.

यापुढचा भाग आम्हांला अधिक शिकवणारा वाटतो. आज्ञावली नवी झाली, तरी चित्रे आणि आवाज मूळ खेळाचेच लागत; ती वापरण्यास जुना खेळ जवळ असावा लागे. ती चित्रे दुसऱ्याची आहेत याची जाणीव ठेवून पुढच्या स्वयंसेवकांनी प्रत्येक आगगाडी, प्रत्येक झाड, प्रत्येक घर नव्याने रेखाटले. आवाज नवे केले. २०१० साली निघालेल्या १.० या आवृत्तीपासून मूळ खेळाची एकही फाइल जवळ नसताना तो खेळता येऊ लागला. एकाने सुरू केलेले काम अनेकांनी, एक पैसा न घेता, नोकरीधंदा सांभाळून तडीस नेले. आपल्याकडे मंदिराचा जीर्णोद्धार असाच होतो. गाभारा एकाच्या हातून सुरू होतो, कळस कोण चढवील ते त्याला ठाऊक नसते.

कोणी म्हणेल, मूळ कर्ता हयात असताना ही उस्तवार परक्याने का करावी? त्याच्यापाशी संहिता असेलच की! नेहमी असते असे नाही. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा खेळ जॉर्डन मेकनर यांनी १९८९ साली 'ॲपल टू' यंत्रासाठी केला. त्यातल्या राजपुत्राचे धावणे, उडी मारणे, कठड्याला लोंबकळणे जिवंत वाटते. कारण मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला, उड्या मारायला लावून त्याचे चित्रण केले व त्यावरून एकेक आकृती रेखाटली. आणि अशा खेळाची मूळ संहिता खुद्द कर्त्यालाच सापडेना! २०१२ साली त्यांच्या वडिलांच्या घरातील एका खोक्यात जुन्या फ्लॉपी निघाल्या. जुन्या यंत्रांच्या जाणकारांनी त्या सावधपणे वाचल्या आणि मेकनर यांनी ती संहिता जगापुढे ठेवली. खोके आणखी दहा वर्षे पडून राहिले असते तर? आमची शालीच्या घडीतली फ्लॉपी आठवली की हा प्रश्न आम्हांला परका वाटत नाही.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर हे व्याख्यान न होता वकिली होईल. मूळ खेळ कोणाच्या तरी श्रमाचा आणि भांडवलाचा असतो. अर्जेंटिनाचे मिल्टन ग्वास्ती यांनी १९९१ च्या 'मेट्रॉइड टू' या छोट्या पडद्यावरच्या, रंगहीन खेळाची नवी, रंगीत पुनर्रचना करावयास घेतली. फावल्या वेळात जवळपास दहा वर्षे त्यांनी हे काम केले. ६ ऑगस्ट २०१६ रोजी, म्हणजे 'मेट्रॉइड' मालिकेला तीस वर्षे पुरी झाली त्याच दिवशी, तो खेळ त्यांनी विनामूल्य प्रसिद्ध केला. मूळ हक्कदार निंटेंडो कंपनीने लागलीच कायद्याच्या सूचना धाडल्या आणि खेळ अधिकृत ठिकाणांहून उतरवावा लागला. पुढच्याच वर्षी कंपनीने त्याच खेळाची आपली पुनर्रचना बाजारात आणली. कंपनीचा हक्क नव्हता असे कोणी म्हणू शकणार नाही. परंतु ज्या यंत्रासाठी ती निघाली, त्याचे ऑनलाइन दुकान कंपनीने मार्च २०२३ मध्ये बंद केले, हीही वस्तुस्थिती आहे. ग्वास्ती यांचे कष्ट मात्र वाया गेले नाहीत. त्यांचे काम पाहून खेळ बनवणाऱ्या एका संस्थेने त्यांना नोकरी दिली.

कायद्याची रेषा कोठे आहे? अमेरिकेत २०१२ साली 'टेट्रिस'च्या हक्कदारांनी एका नकलेविरुद्ध दावा जिंकला. न्यायालयाने तत्त्व असे सांगितले की खेळाचे नियम, त्यामागची कल्पना, ही कोणाची मालमत्ता नव्हे. पण त्या कल्पनेला कर्त्याने दिलेले रूप हे त्याचे आहे. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातही, १९९९ च्या दुरुस्तीनंतर ५२ व्या कलमात, आज्ञावली रीतसर वापरणाऱ्याला तिच्यामागची तत्त्वे जाणण्यासाठी तिचे निरीक्षण व अभ्यास करण्याची मोकळीक आहे. म्हणजे लाडू खाऊन कृती ओळखण्यास मनाई नाही. हलवायाची पाटी आपल्या दुकानावर लावण्यास मनाई आहे. मात्र या कायद्यांत काळाचे भान थोडे उणे आहे असे आमचे नम्र मत आहे. आपल्याकडे लेखकाचा हक्क त्याच्या हयातीनंतर साठ वर्षे टिकतो. पुस्तकाला ते शोभते, कारण पुस्तक तितकी वर्षे तग धरते. संगणकाचा खेळ पंधरा-वीस वर्षांत यंत्रासकट मोडीत निघतो. हक्क मोकळा होईपर्यंत ज्यावर हक्क होता ती वस्तूच उरत नाही.

म्हणून या मंडळींसाठी आम्ही तीन पथ्ये सुचवतो. पहिले, मूळ कर्त्याचे नाव आपल्या नावाआधी, ठळक लिहावे. दुसरे, जे दुसऱ्याचे आहे ते एक तर परवानगीने घ्यावे किंवा नव्याने घडवावे. ओपनटीटीडीच्या चित्रकारांचा कित्ता यासाठी पुढे आहे. तिसरे, आपण काय बदलले हे प्रामाणिकपणे नोंदवून आपली संहिता खुली ठेवावी, म्हणजे उद्या आपलेही यंत्र मेले तर पुढच्याला किल्ली सापडेल. आणि हक्कदारांना एकच विनंती करावी: विकायचे नसेल तर निदान जपू द्या, दारही उघडायचे नाही आणि आतले धान्यही किडू द्यायचे, हे शहाणपणाचे नव्हे.

अखेरीस आपणां सर्वांना. आपल्या घरातही अशा फ्लॉपी, अशा चकत्या, कोणाच्या लग्नाचे चित्रण असलेल्या फिती, कोणा आजोबांचा आवाज असलेली कॅसेट पडून असेल. ती आज वाचता येते तोवर नव्या ठिकाणी उतरवून घ्या; आणि मोडक्या यंत्रापाशी रात्री जागणारा एखादा मुलगा आपल्या आळीत असेल, तर त्याला रिकामटेकडा म्हणण्यापूर्वी तो काय करतो ते एकदा शेजारी बसून पाहा. आम्ही पाहिले नव्हते. पाहिले असते तर आजीच्या ओव्या काही वर्षे आधी घरात आल्या असत्या, आणि त्या ऐकून ज्यांच्या डोळ्यांत पाणी आले असते अशी दोन माणसे तेव्हा घरात होती. तेवढी हानी आता कोणतीही आज्ञावली भरून देऊ शकत नाही.